माझी भुतांची पेटी
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मागच्या वर्षी या दिवशी लोणच्यांवर बोलणे झाले, त्याआधी भरतकामावर. यंदा चिटणीसबाईंनी मलाच धरले. म्हणाल्या, "तू तुझ्या छंदावर बोल." माझे शिक्षण सातवीपर्यंत, चार माणसांपुढे उभे राहण्याची सवय नाही. चुकले तर पदरात घ्यावे.

माझा छंद म्हणजे भुतांचे जुने सिनेमे जमवण्याचा. हसा खुशाल! पत्र्याच्या पेटीत आज 84 सीड्या आहेत. कोपरगावला स्टँडजवळ एक दुकान होते. मोबाइल आल्यावर ते बसले, तेव्हा मालकाने भुतांचा अख्खा खोका मला 200 रुपयांत दिला. आमचे हे म्हणाले, "लोक घरात लक्ष्मी आणतात, तू हडळी आणल्यास."

सासूबाई तर फारच रागावल्या. देवघराच्या भिंतीला लागून भुतांची पेटी! मग एका दुपारी मी त्यांना जवळ बसवून रामसे बंधूंचा 1984 चा 'पुराना मंदिर' लावला. त्यात सामरी नावाचा दैत्य आहे. राजा त्याचे मुंडके धडावेगळे करून पेटीत बंद करवतो आणि वर शंकराचा त्रिशूळ ठेवतो. पण मरताना सामरी शाप देतो, की या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. हे ऐकले आणि सासूबाई एकदम गप्प झाल्या. त्यांची धाकटी जाऊ पहिल्या बाळंतपणातच गेली होती. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "शाप-बीप काही नव्हता गं. रात्री गाडी मिळाली नाही." त्या दिवसापासून पेटी जागेवरून हलली नाही.

या सिनेमांत देव कसा येतो, हे पाहण्याची मला गोडी लागली. आपल्याकडे त्रिशूळ, तिकडे क्रूस. 1958 च्या इंग्रजी 'ड्रॅक्युला'त तर जवळ क्रूस नसतो, म्हणून तो डॉक्टर दोन मेणबत्तीदाण्या आडव्या-उभ्या धरून क्रूस करतो. मला हे फार आवडले. आपणही वेळेला सुपारीचा गणपती करतोच की! काही सिनेमांत मात्र देव आग विझवणाऱ्या बंबासारखा अगदी शेवटी येतो, त्याचा मला राग येतो. 2018 चा 'तुंबाड' जुना नाही, तरी पेटीत आहे, कारण त्यातला हस्तर स्वतःच देवीचा मुलगा. त्याला सोने मिळाले तरी धान्याची भूक राहिली, आणि माणसे कणकेची बाहुली दाखवून त्याचे सोने चोरतात. तो पाहिल्यापासून कणीक मळताना मला हटकून हस्तर आठवतो.

आता जे सांगायचे ते मंडळात आजवर बोलले नव्हते. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना तिला आकडी येऊ लागली. "बाहेरचे आहे," असे चार जणींनी सांगितले, आणि मी ऐकले. आठ महिने मी तिला एका देवऋषाकडे नेत होते. लिंबे झाली, धूर झाला. तो तिचे केस धरून हिसडे द्यायचा आणि मी हात जोडून बघत उभी राहायची. त्याच दिवसांत 1973 चा 'एक्सॉर्सिस्ट' हाती लागला. मला इंग्रजी येत नाही. धाकट्या दिरांनी शेजारी बसून अर्थ सांगितला. त्यातल्या पोरीला खरोखरच सैतान धरतो. पण तिची आई आधी काय करते? डॉक्टरांकडे नेते. सुया, फोटो, सगळे करते. पुढे पाद्री येतो, तोही मनाचा डॉक्टर असतो. तोसुद्धा लगेच मंत्र म्हणायला धावत नाही. मी दिरांना म्हटले, "भावजी, बंद करा." रात्रभर डोळा लागला नाही. भुताने नव्हे, स्वतःच्या शरमेने. चौथ्या दिवशी आम्ही नगरला डॉक्टरांकडे गेलो. मेंदूचा आलेख काढला, गोळ्या सुरू झाल्या. साडेतीन वर्षे एकही गोळी चुकवली नाही. पोरगी आता बारावीला आहे. भुतांचे सिनेमे तिला मुळीच आवडत नाहीत. ती क्रिकेट बघते.

पेटीत सर्वांत वर प्रभातचा 1940 चा 'संत ज्ञानेश्वर' आहे. तो भुतांचा नव्हे हे मला कळते. पण वाघावर बसून, सापाचा चाबूक घेऊन येणारे चांगदेव आपल्याच गावात समाधिस्थ आहेत, मग त्यांना दुसरीकडे कुठे ठेवू? भिंत चालते तेव्हा सासूबाई अजून हात जोडतात. मी चांगदेवांच्या तोंडाकडे बघते. चौदाशे वर्षांचा योगी, आणि लहान पोरांपुढे त्याचा गर्व उतरतो.

ज्या भगिनींना पाहायचे असेल त्यांनी दुपारी तीननंतर यावे. सीडी घरी न्यायला हरकत नाही, पण वहीत नाव लिहून. 'महल' कोणी नेला आहे, दिवाळीपासून परत आला नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी गुपचूप दारात ठेवला तरी चालेल.