हवा सगळ्यांची, धक्का कोणाचा?



मोटारशर्यत म्हटली की फॉर्म्युला वन आठवते. मी आज बोलणार आहे ते पदरमोड करून शर्यतीत उतरणाऱ्या हौशी मंडळींविषयी. अमेरिकेत १९४४ साली स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका अशा शर्यती भरवतो. त्यातला ‘स्पेक मियाटा’ हा गट फार लोकप्रिय आहे. माझदाची छोटी दोन आसनी गाडी, ताकद बेताची आणि नियमांमुळे सगळ्यांच्या गाड्या जवळजवळ सारख्या. त्यामुळे सरळ पट्ट्यावर एकट्याच्या जोरावर पुढे जाणे कठीण. तिथे कामी येतो तो पुढच्या गाडीचा आडोसा, म्हणजे ड्राफ्टिंग.

वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. मागे चिकटलेल्या गाडीला तो कमी सोसावा लागतो. गंमत अशी, की मागची गाडी अगदी जवळ आली तर पुढचीलाही फायदा होतो, कारण तिला मागे खेचणारी पोकळी कमी होते. जोडी एकट्या गाडीपेक्षा वेगाने पळते. म्हणून दोघे हातमिळवणी करतात: शेवटच्या लॅपपर्यंत एकमेकांना ओलांडायचे नाही. मागचे आपसांत झुंजत बसतात, तोवर जोडी निसटते. विस्कॉन्सिनमधल्या रोड अमेरिकेचा ट्रॅक सुमारे साडेसहा किलोमीटरचा, त्यात लांब सरळ पट्टे. अशा ठिकाणी शेवटच्या पट्ट्यावर पहिल्यापेक्षा दुसरा असणे अनेकांना सोयीचे वाटते.

आडोसा फुकट मिळत नाही. मागच्याच्या रेडिएटरला हवा कमी पडते, तापमानाचा काटा चढू लागतो. मग तो क्षणभर गाडीचे नाक बाजूला काढतो, इंजिनाला वारा देतो आणि पुन्हा रांगेत शिरतो. कधी बम्परला बम्पर लावून पुढच्याला ढकलतो. सरळ पट्ट्यावर हा धक्का मदत ठरतो. पुढच्याचा पाय ब्रेकवर असताना तोच धक्का त्याची गाडी गरकन फिरवतो.

आता तक्रार येते: “मी एकाशी नाही, दोघांशी लढलो!” ती खोटी नसते. एकाच गॅरेजने तयार केलेल्या गाड्यांचे चालक साहजिकच एकमेकांना सांभाळून घेतात. मग सांघिक डावपेचांवर बंदीच घालावी का?

फॉर्म्युला वनने ती घालून पाहिली. २००२ च्या ऑस्ट्रियन शर्यतीत फेरारी संघाच्या बॅरिकेलोने संघाच्या आदेशावरून सहकारी शूमाकरला वाट दिली, लोक भडकले आणि अशा संघादेशांवर बंदी आली. २०१० मध्ये हॉकेनहाइमला फेरारीच्याच मासाला रेडिओवरून एवढेच सांगण्यात आले, की सहकारी अलोन्सो तुझ्यापेक्षा वेगात आहे. त्याने वाट दिली. फेरारीला एक लाख डॉलर दंड झाला, निकाल मात्र कायम राहिला. २०११ पासून बंदीच उठली. रेडिओवरचा शब्द न् शब्द हाताशी असताना जिथे हेतूला बांध घालता आला नाही, तिथे सुटीच्या दिवशी विनामोबदला काम करणाऱ्या पंचांनी चालकांच्या मनात काय शिरावे?

म्हणून माझे म्हणणे असे: नियम हेतूला नको, कृतीला हवा. आडोसा सर्वांना मोकळा असावा. धक्क्याची जबाबदारी ढकलणाऱ्याची. ब्रेकच्या टप्प्यात आणि वळणावर तो अजिबात नको. आणि मित्रासाठी तिसऱ्याची वाट अडवली, तर ती अडवणूकच. ती कोणासाठी केली, हे विचारायची गरज नाही.

कार्टिंगने, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींनी, अशा नियमाचा नमुना घालून दिला आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कार्टचे पुढचे प्लास्टिकचे कवच अशा पकडींवर बसवतात, की जोराची धडक बसली की ते मागे सरकते. शर्यत संपल्यावर पंच कवच जागेवर आहे का ते पाहतो. सरकलेले असेल तर वेळेचा दंड. कधी दुसऱ्याच्या चुकीनेही ते सरकते, हे खरे; पण दंड काय आणि कशासाठी, हे प्रत्येकाला आधीच ठाऊक असते.

एकट्या चालकाचे काय, असे कोणी विचारेल. हौशी शर्यतीत जोड्या ट्रॅकवरही जुळतात. ज्याची गाडी सरळ रेषेत चालते, ज्याचा ब्रेक कुठे लागेल हे मागच्याला कळते, त्याच्यामागे अनोळखी चालकही विश्वासाने लागतो. ही पत त्याने स्वतः कमावलेली असते. ती नियमाने वाटता येत नाही आणि कोणाकडून काढूनही घेऊ नये.