शंटचा खर्च कशाकशाचा?

मेंदूत साचलेलं पाणी नळीवाटे पोटात उतरवायचं, ही शंटची शस्त्रक्रिया. बिल फुगतं ते बरेचदा त्यातल्या झडपेमुळे. उत्तर प्रदेशात शाहजहानपूरला बनणारी छाब्रा शंट आणि महागडी परदेशी शंट यांची तुलना युगांडातल्या मुलांवर झाली. निष्कर्ष 2005 साली छापून आले. तेव्हा छाब्राची किंमत होती 35 डॉलर, परदेशी शंटची 650. वर्षभरानंतर गुण जवळपास सारखाच! बाहेरून चुंबकाने दाब बदलता येणारी झडप महाग असते, पण ती प्रत्येकालाच लागते असं नाही. मात्र शंट तुंबू शकते, जंतुसंसर्ग होऊ शकतो. मग पुन्हा शस्त्रक्रिया आलीच. म्हणून खर्चाचा अंदाज लेखी मागा, झडप कोणती ते विचारा. आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच भेटा.