साडी नेसल्यावर उघडणारं दार

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



आज मी ‘अशी ही बनवाबनवी’बद्दल बोलणार आहे. गंभीर विषय सोडून हे काय, असं काहीजणींना वाटेल. पण आपल्या बैठकीत चार वाक्यं बोलायला संकोचणाऱ्या बाईलाही या सिनेमाचे संवाद तोंडपाठ असतात. १९८८ सालचा सिनेमा आजही घराघरांत पाहिला जातो. त्याची चिकित्सा आपण नाही करायची, तर कोणी?

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. पुण्यात चार मित्रांना जागा हवी. घरमालकीण लीलाबाई काळभोर जोडप्यांनाच जागा देणार. मग दोघे साडी नेसून बायका होतात. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ सालच्या ‘बीवी और मकान’ची ही कल्पना सचिन पिळगांवकर यांनी मराठीत रंगवली.

या सिनेमाबद्दल दोन मतं ऐकू येतात. एक : हा निखळ, कौटुंबिक विनोद आहे, उगाच कीस काढू नका. दुसरं आपल्यातलंच : पुरुषांनी साडी नेसून केलेली ही बाईची टिंगल. मला दोन्ही अपुरी वाटतात.

साडीतला पुरुष म्हणजे हसू, असं काही नसतं. बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांनी प्रेक्षक हेलावत, घरंदाज बायका त्यांच्यासारख्या साड्या नेसत. तेव्हा हसू कुणावर आहे, हे पाहायला हवं. इथे ते बरंचसं पुरुषांच्याच फजितीवर आहे. एक खोटं झाकायला दुसरं सांगताना त्यांची तारांबळ उडते, तिथे मीही खळखळून हसते. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या ‘पार्वती’चं डोहाळजेवण मात्र मला टोचतं. मूल होत नाही म्हणून घराबाहेर काढलेली बाई शेजारी बसून ते पाहत असेल, तर तिने कशाला हसायचं? शेवटी सगळं उघड होतं, क्षमा मिळते, लग्नं जुळतात. फसवल्या गेलेल्या बायकांच्या रागाला मात्र फारसा वेळ मिळत नाही.

माझा मुख्य मुद्दा जागेचा आहे. नवऱ्याने टाकलेल्या बायकांसाठी मी भाड्याची खोली शोधत हिंडते. पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘मिस्टर काय करतात?’ उत्तर ऐकलं की खोली अचानक ‘कालच गेलेली’ असते. सिनेमातल्या मुलांना साडीने दार उघडून दिलं. आमच्या बाईच्या अंगावर साडी असतेच, सोबत नवरा नाही म्हणून दार बंद होतं. ज्या अटीवर हा सिनेमा उभा आहे, ती अटच समीक्षेने गमतीत सोडून दिली. आपल्या बायका रोज तिलाच अडतात.

बाईला विनोद कळत नाही, असं आपल्याला हिणवलं जातं. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ गाणी आणि विनोद घेऊनच गावोगाव गेलं, हे त्यांना सांगा.

म्हणून वस्तीत हा सिनेमा जरूर दाखवा. मनमोकळं हसू द्या. मग एवढंच विचारा : तुम्ही एकट्या खोली मागायला गेलात, तर लीलाबाई काय म्हणतील? पुढचं बायकाच बोलतील. आपण ऐकायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर खोली शोधायला निघायचं.