दाणा आणि पीठ

दाणा पारखता येतो, पेरता येतो. पिठाचे तसे नाही. लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, हा दाणा आहे. कोणीही तो वाचावा, सुधारावा. पण वायफायसारख्या भागांना लागणारे फर्मवेअर पुष्कळदा नुसते पीठ असते. त्याचे मूळ लेखन कंपनी देत नाही.

डेबियनच्या स्वयंसेवकांनी २०११ च्या आवृत्तीत असले फर्मवेअर कर्नलमधून काढून निराळे ठेवले. तत्त्व राहिले खरे, पण कित्येकांचे वायफाय प्रणाली बसवतानाच अडे. अखेर २०२२ साली त्यांनी मतदान घेतले. २०२३ पासून ते प्रणालीबरोबरच मिळते, मात्र वेगळ्या कप्प्यात, तसे सांगून.

गुरुजी, अडल्या वेळी पीठ घ्यावे. पण मुलांना तो दाणा म्हणून दाखवू नये.