हौद्याखालची स्टेपनी

भाजी, दूध, खताची पोती वाहणाऱ्या पिकअपची स्टेपनी बहुधा हौद्याखाली, मागच्या बाजूला टांगलेली असते. जागा वाचते, पण रस्त्यावरचा सगळा चिखल तिच्याच अंगावर. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर गंज आणखी लवकर धरतो.

बऱ्याच गाड्यांत ती साखळीवर किंवा तारेच्या दोरावर लटकते. मागून दांडी घालून फिरवली की खाली येते. खरी मेख इथेच आहे. वर्षानुवर्षं न हलवलेली ही यंत्रणा गंजून बसते आणि भर घाटात पंक्चर झाल्यावर चाक काही केल्या उतरत नाही. म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर स्टेपनी एकदा पूर्ण खाली सोडा. त्या वेळी गाडीखाली शिरू नका. चिखल धुऊन काढा, दोराचे धागे तुटलेत का ते पाहा, थोडं ग्रीस लावा. वर घेताना घट्ट आवळा आणि हाताने हलवून बघा. सैल चाक खड्ड्यागणिक आदळतं, दोर झिजतो.

स्टेपनी न वापरताही तिच्यातली हवा कमी होतेच. भरल्या गाडीच्या मागच्या चाकासाठी पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकी ती ठेवा. टायरचं वयही पाहा: बाजूवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी करकरीत असली तरी रबर म्हातारं होतं. तडे गेलेला टायर मालाच्या गाडीला लावू नका. आणि हो, जॅक-पाना गाडीतच असू द्या, शेजाऱ्याकडे नको!