बुद्धवचन कशावर लिहावे ?

(तळेगाव (श्यामजी पंत) येथे एका शिक्षकाने केलेले भाषण)



बुद्धाचा उपदेश गावात लिहून ठेवावयाचा तर तो कशावर लिहावा, एवढाच प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. वर्गणी घामाची असते. म्हणून शेतकरी बैल पारखून घेतो, तशी ही वस्तूही पारखून घ्यावी.

प्रथम कित्येक शतके हा उपदेश भिक्षूंच्या मुखीच होता. सिंहलद्वीपात दुष्काळ पडला, मुखपाठ असलेले भिक्षू मरू लागले, तेव्हा इ. स. पूर्व पहिल्या शतकात तो लिहून काढला, अशी तेथील परंपरा सांगते. पुढे तो ताडपत्रावर चालत आला. पण ताडपत्राला कीड लागते. त्याच्या नकला पुन्हा पुन्हा कराव्या लागतात.

तांबे टिकते, परंतु त्याला मोडीची किंमत येते व अडचणीच्या दिवशी ते भट्टीत जाते. ब्रह्मदेशात मंडाले येथे १८६० ते १८६८ या काळात ७२९ संगमरवरी शिलांवर त्रिपिटक कोरले व अक्षरांत सोने भरले. १८८५ साली इंग्रजांनी ते राज्य घेतले, त्यानंतर सोने गेले; शिला मात्र राहिल्या.

आपल्या काळ्या पाषाणाची साक्ष तर घरचीच आहे. कार्ल्याच्या लेण्यावर सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. जुन्नरच्या लेखांत बुरुडांच्या व कासारांच्या श्रेणी आहेत. नाशिकला विणकरांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापणे ठेव ठेवून व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची सोय केली होती. हे सारे सुमारे दोन हजार वर्षांमागचे. कष्टकऱ्यांचे हे दप्तर कोणत्याही पोथीत नव्हते. ते दगडाने सांभाळले.

मग दगड घेतला म्हणजे काम झाले काय ? नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील देवटेकच्या शिळेवर प्राणी पकडू व मारू नयेत, अशी आज्ञा अशोककाळच्या लिपीत होती. पुढे त्याच शिळेवर वाकाटक राजा रुद्रसेनाचा लेख कोरताना जुनी अक्षरे तासली गेली. जेथे कोणी तासली नाहीत, तेथे ती वाचणारे उरले नाहीत. नाशिकच्या बौद्ध लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणू लागले ! १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा कोठे अशा लेखांना वाचा फुटली.

म्हणून आमची सूचना अशी. फ्लेक्सच्या फलकावर पैसा घालवू नये. दोन-चार उन्हाळ्यांत त्याचा रंग उडतो. काळा दगड घ्यावा, रंगाने न लिहिता खोल अक्षरे कोरावी, भाषा सोपी मराठी ठेवावी, वर छप्पर करावे. परंतु वर्गणीचा अर्धा वाटा पुस्तकांसाठी राखावा. घरोघर एक प्रत असावी आणि दर पौर्णिमेस मुलामुलींनी ती मोठ्याने वाचावी. ज्या घरात वाचणारी मुलगी आहे, त्या घरातले बुद्धवचन कोणाला तासता येणार नाही.