पैठणचे माग



नाथषष्ठीस पैठणला जाणारी आपली कुटुंबे गोदास्नान व समाधिदर्शन उरकून परततात. मागांकडे क्वचितच कोणी फिरकते. साळी, कोष्टी, मोमीन अशा नाना समाजांनी पैठणी जोपासली. शासनाच्या केंद्रात आता स्त्रियाही मागावर बसतात. पदराची नक्षी लहान लहान कांड्यांनी धागा मोजून भरतात, म्हणून एका लुगड्यास महिनेही लागतात. २०१० साली भौगोलिक मानांकन लाभले, तरी यंत्रमागाची नक्कल त्याच नावाने खपते. पदर उलटून पाहावा. अस्सल पैठणी दोन्ही अंगांनी सारखीच दिसते. विणणाराची जात मात्र विचारू नये. अंत्यजाघरी जेवलेल्या नाथांच्या गावी आपल्यातील काहीजण ती विचारतात, हे आम्ही सखेद नमूद करतो. षष्ठीच्या गर्दीत सवड न मिळाल्यास एक मुक्काम वाढवावा.